‘स्लाइम’ आणि श्लेष्मा

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत माझी सात वर्षांची नात आमच्याकडे राहावयास आली, तेव्हां तिनें आपल्याबरोबर प्लास्टिकची एक वाटोळी डबी आणली होती. डबींत पोपटी रंगाचा एक गोळा होता. तो पातळ नव्हता आणि घट्टही नव्हता. डबी उपडी केली कीं तो दोरीसारखा लोंबे. हातांत घेतला कीं बोटांच्या फटींतून हळूहळू निसटे. आणि टेबलावर ठेवला कीं थोड्या वेळानें आपोआप पसरून त्याची पोळी होई. तो गोळा माझ्या नाकासमोर नाचवीत तिनें विचारलें, "आजोबा, स्लाइमला मराठींत काय म्हणतात?"

तीस वर्षें मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहें. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द विचारला असतां मी सहसा अडत नाहीं. निदान अडलों तर अडल्याचें दिसूं देत नाहीं, ही आमच्या धंद्यांतील पहिली विद्या. पण त्या दिवशीं मी अडलों आणि तें दिसलेंही. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतीचा आवाज आला, "गिळगिळीत म्हणावं!" त्यावर नात म्हणाली, "अगं आजी, गिळगिळीत म्हणजे तें कसं आहे तें झालं. तें काय आहे तें सांग ना!" नाम आणि विशेषण यांतला भेद याहून स्पष्ट शब्दांनीं मीं कोणत्याही वर्गाला सांगितल्याचें मला स्मरत नाहीं.

मराठी या बाबतींत गरीब आहे असें मात्र कोणी समजूं नये. शेवाळलेल्या पायरीवरून पाय घसरतो, ती निसरडी. मासा धरलेल्या हातांतून सुटतो, तो बुळबुळीत. अति पिकलेलें केळें बोटाखालीं दबतें, तें लिबलिबीत. तोंडांत घोळूनही घशाखालीं उतरत नाहीं, तें गिळगिळीत. भेंडीची भाजी बुळबुळीत होऊं नये म्हणून तींत आमसूल किंवा ताक घालावें, हें मराठी गृहिणीस कोणी शिकवावें लागत नाहीं. पण हीं सारीं विशेषणें झालीं, आणि त्यांतील प्रत्येक विशेषण त्या पदार्थापेक्षां आपल्या हातापायांची व जिभेची हकीकत अधिक सांगतें. इंग्रजानें या सर्व अनुभवांच्या मागें एक पदार्थ कल्पिला आणि त्याला एक आंखूड नांव देऊन टाकलें. नदीचा गाळ, विहिरीचें शेवाळ, गोगलगाईनें मागें ठेवलेली चकाकती वाट, मुलाचें वाहणारें नाक, हीं आपल्याकडे चार ठिकाणीं राहणारीं मंडळी त्याच्याकडे एका छपराखालीं नांदतात.

आतां त्या डबीविषयीं दोन शब्द. अमेरिकेंतील मॅटेल कंपनीनें १९७६ सालीं हें खेळणें हिरव्या रंगांत, कचऱ्याच्या पिंपाच्या आकाराच्या चिमुकल्या डब्यांत भरून विकावयास काढलें. त्यांतील मुख्य द्रव्य कोणतें म्हणाल, तर गवारीच्या बियांचा गोंद. गवारीचें पीक जगांत सर्वांत अधिक आपल्याच देशांत, आणि त्यांतही राजस्थानांत होतें. म्हणजे आपण ज्या शेंगेची भाजी करतों तिच्या बीजानें साहेबाच्या मुलांचीं बोटें चिकट केलीं. हल्लींचीं मुलें पांढरा गोंद आणि टाकणखार यांपासून तें घरींच तयार करतात. आमच्या घरच्या वाट्यांची त्यापायीं काय दशा झाली, तें सांगत बसत नाहीं.

प्राचीन इंग्रजींत हा शब्द ‘स्लीम’ असा होता. त्या काळीं त्याला निंदेचा वास आलेला नव्हता. पाणी ओसरल्यावर कांठावर राहणारा मऊ, चिकट गाळ एवढाच त्याचा अर्थ. १६११ सालच्या बायबलाच्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत तर तो भलत्याच कामावर लागलेला आढळतो. बाबेलचा मनोरा उभारणारांनीं विटा सांधावयास चुन्याच्या जागीं ‘स्लाइम’ घेतलें. तान्ह्या मोशेला राजाच्या माणसांपासून वांचविण्यासाठीं त्याच्या आईनें लव्हाळ्याची पेटी केली आणि ती पाण्यांत बुडूं नये म्हणून ‘स्लाइम’ व राळ यांनीं लिंपली. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ जमिनींतून पाझरणारें डांबर असा आहे, आणि अलीकडील भाषांतरकार तसेंच लिहितात. अर्थाच्या दृष्टीनें त्यांचेंच बरोबर. तरीपण आईनें मुलाच्या पेटीला दिलेल्या लेपाला हा शब्द लावतांना त्या जुन्या पंडितांची लेखणी अडखळली नाहीं, ही गोष्ट मला लक्षांत ठेवण्यासारखी वाटते.

त्याच सुमारास, १६०९-१० सालीं, रोमन कॅथलिकांनीं दुए येथें जुन्या कराराचें आपलें इंग्रजी भाषांतर छापलें. त्यांत ईश्वरानें पहिला मनुष्य घडविला तो पृथ्वीच्या ‘स्लाइम’मधून; कारण तें भाषांतर लॅटिनवरून केलेलें, आणि लॅटिनांत तेथें ‘लीमुस’, म्हणजे चिखल, असा शब्द आहे. किंग जेम्सच्या पंडितांनीं हिब्रूकडे पाहून त्या ठिकाणीं धूळ घातली. धर्माचा वाद मी धर्मपंडितांवर सोडतों. परंतु कोरड्या धुळीचें साधें मडकेंही होत नाहीं, हें कुंभारवाड्यांतील पोरही सांगेल.

शब्दाची अब्रू कोणत्या दिवशीं गेली, हें तारीख-वार देऊन सांगतां येत नाहीं. शेक्सपिअरच्या काळीं ती अर्धी शिल्लक होती. त्याचा अँटनी मेजवानीच्या वेळीं नाईल नदीची हकीकत सांगतो, तींत पूर ओसरल्यावर शेतकरी याच गाळावर बीं फेंकतो आणि पाहतां पाहतां पीक उभें राहतें. तेथें ‘स्लाइम’ हें लक्ष्मीचें वाहन आहे. पण थोड्याच वर्षांपूर्वीं लिहिलेल्या ‘ऑथेल्लो’मध्यें, बायकोचा गळा दाबून बसलेला तो दुर्दैवी सेनापति इयागोच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देतो, आणि म्हणतो कीं, अशा माणसाला घाणेरड्या कृत्यांना चिकटलेल्या त्या बुळबुळीचा तिटकारा असतो. ज्याच्या अंगाला ती चिकटली आहे त्याच्याचविषयीं हे उद्गार! येथून शब्द नदीकांठ सोडून माणसाच्या चारित्र्यांत शिरला. आज इंग्रजींत कोणाला ‘स्लाइमी’ म्हटलें तर तो गोड बोलणारा, हात चोळणारा, विश्वासघातकी इसम ठरतो. जर्मनांकडेही खुशामत्याला त्याच धातूचें नांव आहे. मात्र त्याच जर्मन घरांत दुखणेकऱ्याला जी ओटाची पातळ पेज देतात, तिलाही ‘श्लाइम’ म्हणावयास त्यांस संकोच वाटत नाहीं. एकाच शब्दांत लाळघोट्या आणि पथ्याची पेज!

कोलरिजची म्हाताऱ्या खलाशाची १७९८ सालची कविता मीं किती वर्गांना शिकविली असेल, याची गणती नाहीं. वारा पडून गलबत समुद्रांत थिजलें आहे, आणि पाण्यावर बुळबुळीत जीव वळवळत आहेत. खलाशाला त्यांची शिसारी येते. सगळे सोबती मेले, आणि हे मात्र जिवंत, आपणही त्यांच्यांतलेच, हा विचार त्याला असह्य होतो. पुढें एका रात्रीं चांदण्यांत त्याच समुद्रांतील सर्पांकडे तो पाहतो, ते त्याला सुंदर दिसतात, नकळत त्याच्या मनांतून आशीर्वाद निघतो, आणि गळ्यांत अडकविलेला मेलेला पक्षी गळून पडतो. या जागेवर आलों म्हणजे मी पुस्तक मिटीत असें आणि ठरलेला एक उपप्रसंग वर्गाला ऐकवीत असें. फळ्यावर एका बाजूला इंग्रजी ‘स्लाइम’, मध्यें जर्मन ‘श्लाइम’, आणि दुसऱ्या बाजूला संस्कृत ‘श्लेष्मा’ असे शब्द लिहून मी म्हणें, "पाहा, हे तिघे सख्खे भाऊ आहेत. आणि श्लेष्मा कोठून आला? ‘श्लिष्’ या धातूपासून. श्लिष् म्हणजे चिकटणें, बिलगणें. म्हणून छातींतला कफ तो श्लेष्मा, प्रियजनांची मिठी ती आश्लेष, आणि दोन अर्थ एका शब्दाला बिलगले कीं तो श्लेष!" वर्गांत एक सुखद कुजबुज होई. ती ऐकण्याची मला चटक लागली होती, हें कबूल केलें पाहिजे. महाविद्यालयाच्या वार्षिकांत या विषयावर मीं एक टिपणही छापलें.

या टिपणावर माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. ती पुढें भाषाशास्त्राकडे वळली होती. पत्र अत्यंत नम्र होतें आणि त्यांतील मुद्दा अत्यंत टणक होता. संस्कृतांतील तालव्य ‘श’ जेथें असतो, तेथें जर्मानिक भाषांत आरंभीं ‘ह’ येतो. शत आणि ‘हंड्रेड’, श्वन् आणि ‘हाउंड’ हे त्याचे नेहमींचे दाखले. श्लिष् हा धातु त्या घराण्यांत उतरता, तर त्याच्या तोंडीं ‘ह’ असता, ‘स’ नसता. दुसरें असें कीं, जर्मन ‘श्लाइम’मधील ज्या ‘श’वर मी भाळलों होतों तो मुळीं जुना नाहींच, मध्ययुगीन जर्मनांतही तो शब्द ‘स्लीम’ असाच होता, आणि ‘स’चा ‘श’ नंतर झाला. तेव्हां श्लेष्मा व श्लाइम यांचें साम्य हें रस्त्यांत भेटलेल्या दोन अनोळखी माणसांच्या चेहऱ्यांतील साम्य होय. शेवटीं तिनें लिहिलें होतें, "सर, तुमच्या त्या तासामुळेंच मला शब्दांचा नाद लागला, म्हणून लिहिण्याचें धाडस करतें."

मीं त्या पत्राला सात महिने उत्तर दिलें नाहीं.

या सात महिन्यांत मला हक्सलेची गोष्ट पुन्हां पुन्हां आठवली. अटलांटिक महासागरांतून तारायंत्राची दोरी टाकावयाची म्हणून १८५७ सालीं ‘सायक्लॉप्स’ या जहाजानें समुद्राच्या तळाचा चिखल काढून आणला होता, आणि तो मद्यार्कांत घालून बाटल्यांत जपून ठेवला होता. १८६८ सालीं टॉमस हेन्री हक्सले यानें अधिक चांगल्या सूक्ष्मदर्शकाखालीं तो पुन्हां तपासला, तेव्हां त्यांत त्याला एक पारदर्शक बुळबुळीत द्रव्य दिसलें. जर्मन पंडित त्यापूर्वीं साठ वर्षांपासून ज्या आद्य ‘श्लाइम’चीं स्वप्नें पाहत होते, ज्यांतून सारी जीवसृष्टि उगवली असें म्हणत होते, तें हेंच, असें त्याला वाटलें. त्यानें त्याला ‘बॅथिबियस’ असें नांव दिलें आणि हेकेल या आपल्या जर्मन मित्राचें नांव त्याला जोडलें. हेकेलला तर स्वर्ग ठेंगणा झाला. समुद्राच्या तळावर सर्वत्र पसरलेली जिवंत साय! पुढें १८७२ सालीं ‘चॅलेंजर’ जहाज जगप्रदक्षिणेस निघालें, त्यानें ठिकठिकाणचा तळ खरवडला. पण ताज्या चिखलांत ती साय कोठेंच सांपडेना. जहाजावरील रसायनशास्त्रज्ञ ब्यूकॅनन याच्या लक्षांत आलें कीं, समुद्राच्या पाण्यांत भरपूर मद्यार्क घातला म्हणजे चुन्याचा एक क्षार साखळून खालीं बसतो, आणि तो हुबेहूब या जीवासारखा दिसतो. हक्सलेचा आद्य जीव बाटलींतच जन्मला होता. ही बातमी १८७५ सालीं हक्सलेला कळतांच त्यानें आपली चूक ‘नेचर’ नियतकालिकांत स्वतः जाहीर केली. त्याच्या विरोधकांस आयतें कोलीत मिळालें आणि त्यांनीं तें वर्षानुवर्षें फिरविलें. तरी त्यानें सात महिने लावले नाहींत.

माझ्या विलंबाला अभिमान हें एक कारण होतेंच. दुसरें कारण सांगावयास थोडें मागें जावें लागेल.

अकरा वर्षांपूर्वीं माझी आई गेली. शेवटचे दोन महिने ती अंथरुणावर होती, आणि छातींत कफ सांठून तो तिला बाहेर टाकवत नसे. तिच्या सेवेला आम्हीं एक बाई ठेविली होती. तिला सगळेच मावशी म्हणत. आईच्या घशांत घरघर सुरू झाली कीं मावशी तिला कुशीवर वळवी, पाठीवर खोलगट हातानें हलकेंच थापटी, आणि बोटाला मऊ फडकें गुंडाळून तिच्या तोंडांतून ती तार, ती दोरी, बाहेर ओढून काढी. तोंडानें "झालं हं आई, झालं" असें चालूच असे. मी दाराशीं उभा राही. आंत जावें असें मनांत येई, पण पोटांत ढवळे आणि पाऊल उचलत नसे. एके दिवशीं मावशीला यावयास उशीर झाला, सौभाग्यवती बाजारांत गेली होती, आणि आईला ती घरघर लागली. मीं फडकें हातांत घेतलें. तिच्या ओंठाशीं हात नेला. तिनें माझ्या तोंडाकडे पाहिलें आणि हातानें मला दूर केलें, मोठ्या कष्टानें म्हणाली, "तूं जा बाहेर. तुला किळस येते." आणि मी बाहेर गेलों. पांच-सात मिनिटांनीं मावशी आली. तेवढ्या वेळांत कांहीं अघटित घडलें नाहीं. आई त्यानंतर नऊ दिवस जगली.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र यानें १९४३ सालच्या आपल्या बृहद्‌ग्रंथांत या चिकट पदार्थाच्या शिसारीचा मोठा खल केला आहे. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आपण तो पदार्थ धरला असें वाटतें, आणि त्याच क्षणीं त्यानें आपल्याला धरलेलें असतें. हें वाचलें तेव्हां मला दाराशीं उभा असलेला मी दिसलों. मला भीति त्या कफाची नव्हती. तो मला धरील, मग सुटतां येणार नाहीं, याची होती. आणि या ठिकाणीं एक गोष्ट लपवून उपयोग नाहीं. श्लेष्मा आणि आश्लेष यांचा धातु एक आहे, हें मला तेव्हां उत्तम ठाऊक होतें. त्याच सत्रांत मीं तें फळ्यावर लिहिलें होतें आणि ती सुखद कुजबुज ऐकून घरीं आलों होतों.

आई गेल्यावर मात्र त्या व्युत्पत्तीला मी निराळ्या तऱ्हेनें कवटाळून बसलों. किळस आणि मिठी हीं मुळांत एकच, इंग्रज, जर्मन आणि आर्य या सगळ्यांनीं तें शब्दांत नोंदून ठेविलें आहे, असें म्हटल्यानें मनाला कसलासा दिलासा मिळे. त्या टिपणाच्या मागें खरी प्रेरणा तीच होती. मुलीच्या पत्रानें त्या दिलाशाचाच एक खांब काढून घेतला.

परंतु तिनें एक खांब काढला, घर पाडलें नाहीं, हें मला सावकाश कळलें. श्लेष्मा व ‘स्लाइम’ यांचें नातें तुटलें. श्लेष्मा व आश्लेष यांचें जसेंच्या तसें राहिलें, कारण तें संस्कृतच्या घरांतलेंच आहे. आमच्या वैद्यांनीं तर कफाच्या पांच प्रकारांत ‘श्लेषक’ नांवाचा एक प्रकार मानला आहे; तो सांध्यांत राहतो आणि हाडाला हाड घासूं देत नाहीं. ज्या द्रव्याचें नांव सांधणें या क्रियेवरून पडलें, त्याकडे वैद्य नाक मुरडून पाहत नव्हता.

आणि ‘स्लाइम’चे खरे सोयरे कोण, तें शोधूं लागलों तेव्हां तेही कांहीं हलके निघाले नाहींत. वर आलेला लॅटिन ‘लीमुस’ हा त्याचा जवळचा आप्त. गोगलगाईचें ग्रीक नांव ‘लेइमाक्स’ त्याच कुळांतलें. इंग्रजी ‘लाइम’, म्हणजे चुना, हा मूळचा चिकटविण्याचा पदार्थ, आणि ‘लोम’ ही सुपीक चिकणमाती, हीं दोन्ही त्याचीं भावंडें. अंगाला चोळावयाचें ‘लिनिमेंट’ही त्यांतलेंच. या धातूला पुढें ‘प’ जोडून त्याचा जो विस्तार झाला असें भाषाशास्त्रज्ञ मानतात, त्या शाखेंत आपले संस्कृत ‘लिंपति’ आणि ‘लेप’ येतात, मराठी लिंपणें येतें. त्याच शाखेंतून, चिकटून राहणें, मग टिकून राहणें, मग उरणें, अशा पायऱ्यांनीं इंग्रजी ‘लाइफ’ हा शब्द निघाला आहे. माझी आई दर शनिवारीं चूल लिंपीत असे. त्या लिंपण्याचा आणि ‘लाइफ’चा धातु एक, हें मी तिला सांगतों तर ती म्हणाली असती, "असेल बाबा, आधीं ती बादली इकडे सरकव."

शास्त्रज्ञांनीं अलीकडे या शब्दाची थोडी अब्रू परत मिळवून दिली आहे. ‘स्लाइम मोल्ड’ नांवाचा एक पिवळा, बुळबुळीत, मेंदू नसलेला जीव आहे. जपानी संशोधकांनीं टोकियोच्या भोंवतालचीं गांवें ज्या ठिकाणीं आहेत त्या त्या ठिकाणीं ओटाचे कण मांडून त्याला मध्यें सोडलें, तर त्यानें त्यांना जोडणारें जें जाळें विणलें, तें तेथल्या रेल्वेच्या जाळ्याशीं काटकसरींत व भक्कमपणांत बरोबरी करणारें निघालें. हा प्रयोग २०१० सालीं प्रसिद्ध झाला.

सात महिन्यांनीं मीं त्या मुलीला उत्तर लिहिलें. तिचें म्हणणें सर्वस्वीं मान्य असल्याचें कळविलें आणि उशिराबद्दल क्षमा मागितली. उशिराचें कारण लिहिलें नाहीं. पण माझें टिपण छापलेलें होतें आणि पत्र खासगी. तेव्हां हिशेब पुरा झाला नाहीं. माझ्या वर्गांतून गेलेले जे कोणी हा लेख वाचतील, त्यांनीं आपल्या जुन्या वहींतील ‘श्लाइम = श्लेष्मा’ ही ओळ खोडून टाकावी. तिच्याखालची, श्लेष्मा आणि आश्लेष यांची, ओळ राहूं द्यावी.

नातीला काय उत्तर दिलें, हें सांगावयाचें राहिलें. दोन दिवस कोश चाळून मीं तिला सांगितलें कीं, मराठींत असा एक शब्द नाहीं. तिला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. "मग आपण करूं," असें म्हणून तिनें त्याला ‘गिळगिळं’ असें नपुंसकलिंगी नांव देऊन टाकलें आणि तें आजीनेंही तत्काळ स्वीकारलें. "ते घ्या, बघा हातांत धरून," म्हणून तिनें तो थंड गोळा माझ्या तळव्यावर ठेवला. मीं बोटें मिटलीं. तो सावकाश फटींतून बाहेर आला, मनगटावरून उतरला, आणि शतरंजीवर जाऊन बसला. तेथून तो निघेना. अखेरीस सौभाग्यवतीनें व्हिनेगर आणून ती जागा चोळली, तेव्हां तो सुटला. शतरंजीवर एक पोपटी डाग मात्र अजून आहे.